मार्लिन, रुगर आणि परत येणाऱ्या जुन्या रायफली: तुम्हाला काय परत आलेलं हवंय?

लेव्हरवाला (पेनसिल्व्हेनिया) | २० नोव्हेंबर २०२३, रात्री ९:१२

मागच्या धाग्यावर अवांतर फार झालं आणि संपादकांनी प्रेमाने कान उपटले, म्हणून हा वेगळा धागा.

नवीन मंडळींसाठी पार्श्वभूमी. मार्लिन ही कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवनची, १८७० सालची कंपनी. लेव्हर अ‍ॅक्शन रायफल ही तिची ओळख. चापाभोवतीची लेव्हर खाली ओढली की रिकामं काडतूस बाहेर, वर घेतली की नवं आत. वेस्टर्न सिनेमात दिसते ती बहुतेक वेळा विंचेस्टर असते, पण शिकाऱ्यांचा एक मोठा गट कायम मार्लिनवाला. कारण साधं आहे. मार्लिनची पाठ बंद असते आणि काडतूस उजवीकडून बाहेर पडतं, त्यामुळे वर दुर्बीण बसते. जुन्या विंचेस्टर ९४ मधून रिकामं काडतूस सरळ वर उडायचं. तिथे दुर्बीण लावायची म्हणजे कसरत.

२००७ च्या अखेरीस रेमिंग्टन या दुसऱ्या बंदूक कंपनीने मार्लिन विकत घेतली. रेमिंग्टन तेव्हा सर्बेरस या गुंतवणूक कंपनीच्या खिशात होती. मार्लिनचा न्यू हेवनशेजारच्या नॉर्थ हेवनमधला कारखाना बंद करून २०११ पर्यंत सगळं न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनला हलवलं आणि दर्जाचे तीनतेरा वाजले. जुलै २०२० मध्ये रेमिंग्टनने दोन वर्षांत दुसऱ्यांदा दिवाळखोरी जाहीर केली. लिलावात मार्लिन रुगर या अमेरिकी बंदूक कंपनीकडे गेली. नोव्हेंबरमध्ये व्यवहार पुरा झाला तेव्हा आकडा सुमारे २.८३ कोटी डॉलर होता. त्याच लिलावात रेमिंग्टनचा काडतुसांचा धंदा व्हिस्टा आउटडोअरने ८ कोटींच्या वर मोजून घेतला. बंदूक एकदाच विकली जाते, काडतूस रोज, हे त्यांना बरोबर कळतं.

रुगरने घाई केली नाही. पहिली रायफल डिसेंबर २०२१ मध्ये निघाली: १८९५ एसबीएल, .४५-७० काडतुसाची, स्टेनलेस, नॉर्थ कॅरोलायनातल्या मेयोडनहून. मग ट्रॅपर, गाइड गन. यंदा मार्चमध्ये ३३६ क्लासिक आली, .३०-३० मध्ये, अक्रोडाच्या लाकडी दस्त्याची. मी दुकानात हातात घेऊन पाहिली. लाकूड आणि पोलादाच्या सांध्यावरून नख फिरवलं, कुठे अडकलं नाही.

आता पुढे काय, यावर बोलू. माझी मागणी एकच: ३९ए. .२२ ची लेव्हर रायफल, बाजूचा मोठा स्क्रू नाण्याने फिरवला की दोन तुकडे होऊन पिशवीत जाते. तिचं घराणं थेट १८९१ च्या मॉडेलपर्यंत पोहोचतं. नॉर्थ हेवन गेलं आणि तीही जवळजवळ गेलीच.

सदू_वाचनमात्र | २० नोव्हेंबर, रात्री १०:०५

धागा आवडला. मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे बाळबोध प्रश्न. मालक बदलला तरी नकाशे तेच, पोलाद तेच, नावही तेच. मग बंदूक बिघडली कशी?

खरादवाला (भोसरी) | २१ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

सदूभाऊ, प्रश्न बाळबोध नाही, हाच खरा प्रश्न आहे.

बंदुकीची शिकार-बिकार माझा विषय नाही, माझा जन्म मशीन शॉपमध्ये गेला. नॉर्थ हेवनची कथा वाचली तेव्हा वाटलं हे तर आपल्याच एमआयडीसीतलं. जुन्या कारखान्यात नकाशा एक सांगत असतो आणि पार्ट वेगळाच निघत असतो. मशीन चाळीस-पन्नास वर्षांचं, स्लाइड झिजलेली. ऑपरेटरला ठाऊक असतं की हे मशीन डावीकडे ओढतं, म्हणून तो सेटिंग तेवढं उजवीकडे ठेवतो. हे नकाशावर कोणी लिहीत नाही. पुढे असेंब्लीला बसलेला म्हातारा कानस घेऊन दोन हात मारतो आणि पार्ट बसतो. तो रिटायर होईपर्यंत कोणाला कळतही नाही की तो रोज काय करत होता.

रेमिंग्टनने मशीनं आणि नकाशे ट्रकमध्ये भरून इलियनला नेले. माणसं नेली नाहीत. नॉर्थ हेवनचे अडीचशेच्या वर कामगार घरी गेले. इलियनच्या लोकांनी नकाशाप्रमाणे पार्ट काढले, आणि नकाशाप्रमाणे काढलेले पार्ट एकमेकांत बसेनात! नेम धरायची पुढची माशी तिरकी, दस्ता आणि पोलाद यांच्यात फट, लेव्हर खरखरीत. लोकांनी नाव ठेवलं ‘रेमलिन’.

रुगरने काय केलं असावं याचा अंदाज मला त्यांच्या वेळापत्रकावरून येतो. कंपनी हातात आल्यावर वर्षभर एकही रायफल विकली नाही. लिस्टेड कंपनी असून वर्षभर भांडवल अडकवून बसायचं म्हणजे आत कोणीतरी प्रत्येक पार्ट नव्याने मोजत होतं, नव्याने ड्रॉइंग करत होतं, जिग-फिक्श्चर (पार्ट पकडायचे साचे) नवीन बनवत होतं. रिसीव्हर (नळीमागचा पोलादी गाभा), लेव्हर, चापाखालची पट्टी हे सगळं फोर्जिंगमधून, म्हणजे ठोकून घडवलेल्या पोलादातून, सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) काढतात. नळी कोल्ड हॅमर फोर्ज्ड, थंड पोलाद ठोकून घडवलेली. म्हणजे कानस मारणाऱ्या म्हाताऱ्याची गरजच पडू नये अशी व्यवस्था.

लेव्हरवाला | २१ नोव्हेंबर, सायं ६:३०

खरादवाले, दंडवत. हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका.

काका_टेक्सासकर | २१ नोव्हेंबर, रात्री ८:१८

थोडा विरोधी सूर लावतो. इलियनला उठताबसता शिव्या घालायची आता फॅशन झाली आहे. २०११-१३ चा माल वाईट होता, मान्य. पण नंतर त्यांनीही नवीन मशीनं घातली, ड्रॉइंग सुधारली. माझी ३३६ इलियनची, २०१७ ची आहे. लेव्हर लोण्यासारखी नाही, पण शंभर यार्डांवर माझ्या डोळ्यांपेक्षा ती बरी. ज्यांनी कधी इलियनची रायफल हातात धरली नाही तेसुद्धा व्हिडिओ बघून ‘रेमलिन, रेमलिन’ करतात.

दुसरं, मार्लिन म्हणजे एका घराण्याने दीडशे वर्षं सांभाळलेला वारसा, असं चित्र रंगवू नका. जॉन मार्लिन १९०१ मध्ये वारले, मुलांनी १९१५ मध्ये कंपनी विकून टाकली. नव्या मालकांनी पहिल्या महायुद्धात मशीनगन बनवल्या आणि युद्ध संपल्यावर धंदा बसला. १९२४ मध्ये लिलाव झाला. फ्रँक केना नावाच्या वकिलाने शंभर डॉलरची बोली लावली आणि त्याबरोबर एक लाख डॉलरचं गहाण डोक्यावर घेतलं. पुढे घर चालवायला याच मार्लिनने दाढीची ब्लेडं विकली! ज्या ३३६ साठी आपण उसासे टाकतो ती १९४८ ची, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या काळातली.

जेएम_संग्राहक (न्यू जर्सी) | २१ नोव्हेंबर, रात्री ११:५०

काकांचा इतिहास पक्का, निष्कर्ष कच्चा. केना कुटुंबाने ८० वर्षं ती सांभाळली आणि कारखाना न्यू हेवनच्या परिसरातच राहिला. काम करणारे हात बदलले नाहीत, हा मुद्दा आहे.

जुनी मार्लिन घेणाऱ्यांसाठी दोन खुणा सांगून ठेवतो. नळीवर, रिसीव्हरजवळ डाव्या बाजूला लंबवर्तुळात ‘जेएम’ ठसा असेल तर नॉर्थ हेवनची नळी. मात्र सुरुवातीच्या इलियन रायफलींवर उरलेल्या जेएम नळ्याही चढल्या आहेत, तेव्हा नंबरही बघा. १९७३ पासूनच्या नॉर्थ हेवनच्या नंबरातले पहिले दोन आकडे १०० मधून वजा केले की साल मिळतं. १८ ने सुरू झाला तर १९८२. इलियनचा नंबर ‘एमआर’ने सुरू होतो, रुगरचा ‘आरएम’ने. दुकानदार ‘ही जुनीच आहे साहेब’ म्हणाला तरी स्वतः वाचा.

माझी १९८२ ची आहे, त्यामुळे आडव्या खटक्याची कटकट नाही. नंतर मार्लिनने घोड्यामागे तो आरपार जाणारा सेफ्टीचा खटका घातला आणि रुगरनेही तो ठेवला. वकिलांना खूश ठेवायला असेल. शंभर वर्षं घोडा अर्ध्यावर ठेवून भागलं होतं. शिवाय दस्त्याच्या खालची काळी-पांढरी गोल टिकली आता लाल-पांढरी. का? कुणी मागितली होती?

खरादवाला | २२ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

टिकली बघूनच कळावं की ही आमची आहे, इलियनची नाही. मला तरी हे प्रामाणिकपणाचं लक्षण वाटतं. जुन्या मालाची हुबेहूब नक्कल करून फसवत नाहीत.

मृण्मयी_प (ठाणे) | २२ नोव्हेंबर, सकाळी १०:२२

सगळ्यांची रसवंती चालू आहे, पण कुणीतरी हे बोलायला हवं. सर्बेरसच्याच ताब्यातल्या बुशमास्टरच्या रायफलने डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. या कंपन्यांच्या नावांना हळुवारपणे ‘वारसा’ म्हणताना हे मनात येत नाही का?

लेव्हरवाला | २२ नोव्हेंबर, सायं ७:०२

येतं, मृण्मयीताई. त्या कुटुंबांनी रेमिंग्टनवर दावा लावला आणि २०२२ मध्ये विमा कंपन्यांनी ७.३ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. दिवाळखोरीमागे कर्जाचा डोंगर मोठा होता, पण हा दावाही डोक्यावर होताच. सर्बेरसने त्या घटनेनंतर कंपनी विकायचं जाहीर केलं होतं, गिऱ्हाईक मिळालं नाही.

मी स्वतः कडक तपासणीच्या बाजूचा आहे. माझ्या राज्यात हरणाच्या शिकारीला सेमी-ऑटो (दर बारानंतर आपोआप भरणारी) रायफल चालत नाही आणि मला तो नियम पटतो. म्हणूनच इथल्या जंगलात लेव्हर रायफली अजून जिवंत आहेत: कायद्यात बसतात आणि दुसरा बार लवकर टाकता येतो. कायद्यावरची चर्चा मात्र स्वतंत्र धाग्यावर करू, मी येतो.

मृण्मयी_प | २२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

ठीक. धागा काढते, पळ काढू नका.

माणगाव_खोरे (सिंधुदुर्ग) | २३ नोव्हेंबर, दुपारी २:३३

तुमच्या मार्लिनी-फिर्लिनी वाचून मज्जा येते. आमच्याकडे आजोबांच्या नावावरची ठासणीची एकनळी, शेतीसंरक्षणाचा परवाना. दारू ठासा, छर्रे घाला, चिंधी दाबा, टोपी बसवा, तोपर्यंत डुक्कर भात तुडवून बांदापलीकडे. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की रांगेत उभं राहून परत आणायची. तेवढ्या दिवसांत डुकरांची निवडणूक बिनविरोध होते.

बंदूक फक्त आवाजापुरती आहे हे आधीच सांगतो, उगाच वन खातं धाग्यावर यायला नको.

मला हवंय ते एवढंच, की आपल्या सरकारी कारखान्यांनी साधी, टिकाऊ एकनळी नीट फिनिशिंगची द्यावी. तिकडे मालक बदलला की लोक आशेला लागतात. इकडे २०२१ मध्ये आपल्याही कारखान्यांचे मालक बदलले, त्याचा धागा कोणी काढत नाही.

शक्तिमान१२ (खडकी) | २३ नोव्हेंबर, सायं ५:५०

माणगावकर, अगदी मर्मावर बोट. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. रायफली बनवणारं ईशापूर गेलं कानपूरच्या कंपनीकडे. आमची खडकीची अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी, जिथली बारा बोअरची ‘शक्तिमान’ काडतुसं तुम्ही वापरत असाल, ती गेली म्युनिशन्स इंडियाकडे, आणि त्यांचं मुख्यालय इथेच पुण्यात. काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ दिसतं ना? किर्की फॅक्टरी. इंग्रज गेले, ठसा राहिला.

जुन्या डिझाइनचं म्हणाल तर ईशापूरची .३१५ स्पोर्टिंग रायफल घ्या. आत अ‍ॅक्शन ली-एनफिल्ड या इंग्रजांच्या लष्करी रायफलीची, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली. इंग्रजांनी लष्करी .३०३ सामान्य लोकांना बंद ठेवली म्हणून हे .३१५ काडतूस इकडे रुजलं, आणि स्वातंत्र्यानंतरही .३०३ बंद म्हणून तेच चालू राहिलं. अ‍ॅक्शन दणकट, त्यात वाद नाही. पण दस्त्याचं लाकूड आणि बोल्टचं फिनिशिंग बघितलं की इलियनवाल्यांनाही धीर येईल. परवान्यावर आता दोनच हत्यारं ठेवता येतात (२०१९ च्या दुरुस्तीआधी तीन होती), मग दोनातली एक तरी धड असावी की नाही? स्पर्धा नसली की कोण कानस मारतंय.

एच१बी_पोरगा (ओहायो) | २४ नोव्हेंबर, रात्री १:०७

मला ३३६ क्लासिक फार आवडली. व्हिसावर असताना घेता येते का?

काका_टेक्सासकर | २४ नोव्हेंबर, सकाळी ८:२५

बाळा, संघराज्याच्या कायद्याने बिगर-स्थलांतरित व्हिसावाल्याला बंदूक बाळगायला मनाई आहे. अपवादांपैकी तुझ्या कामाचा म्हणजे एखाद्या राज्याचा चालू असलेला शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डवाल्याला ही अडचण नाही. पण व्हिसावर असताना कागदात एक चूक म्हणजे विमानतळाचा रस्ता, तेव्हा या धाग्यावर विसंबू नकोस, वकिलाला पैसे दे. आणि किंमत बघितलीस का? छापील बाराशे डॉलरच्या वर.

मंदार_नेमबाज (कोल्हापूर) | २४ नोव्हेंबर, दुपारी १२:४५

मी दहा मीटर एअर रायफलवाला, त्यामुळे धुराच्या बंदुका माझ्यासाठी सिनेमातल्याच. पण ‘पुनरुज्जीवन’ या प्रकाराबद्दल एक वेगळं उदाहरण देतो, विंचेस्टर मॉडेल ७०.

१९६४ मध्ये विंचेस्टरने खर्च वाचवायला मॉडेल ७० बदलली. काडतुसाला सुरुवातीपासून घट्ट धरून नेणारा मोठा पंजा काढला, लाकडावरची हाताने कोरलेली नक्षी जाऊन दाबून उठवलेली आली. तेव्हापासून ‘प्री-६४’ ही वेगळी जात झाली आणि तिचे भाव चढले. २००६ मध्ये विंचेस्टरचा न्यू हेवनमधला कारखानाच बंद. २००८ मध्ये बेल्जियमच्या एफएनने साउथ कॅरोलायनातल्या कोलंबियात मॉडेल ७० पुन्हा सुरू केली, पंजासकट. आणि विंचेस्टरच्या लेव्हर रायफली आज जपानच्या मिरोकूमध्ये बनतात. नाव अमेरिकन, पैसा बेल्जियन, हात जपानी. ज्यांनी वापरल्या ते म्हणतात, न्यू हेवनच्या शेवटच्या वर्षांपेक्षा या सरस. मग काय परत आलं म्हणायचं?

जेएम_संग्राहक | २४ नोव्हेंबर, रात्री १०:३०

पंजा परत आला, तेवढं पुरे. मिरोकूच्या कामाला मी नावं ठेवणार नाही, पण भाव पाहिलेत का?

माझी यादी: .३५ रेमिंग्टनमधली ३३६. दाट झाडीत तिच्यासारखं काही नाही, आणि ती नाही आली तर ते काडतूसही हळूहळू मरेल. कारखाने काडतूस बनवतात ते रायफली विकल्या जातात म्हणून. दुसरी, अष्टकोनी लांब नळीची १८९५ काउबॉय. मॉडेल ६० विसरा. .२२ ची ती सेमी-ऑटो एक कोटीहून जास्त खपली, पण रुगरची स्वतःची १०/२२ आहे १९६४ पासून. आपल्याच पोराला सावत्र भाऊ कोण आणतं?

खरादवाला | २५ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

याच हिशोबाने ३९ए चं अवघड दिसतं मला. चित्रं पाहिली. रिसीव्हरच्या आतलं मशीनिंग भरपूर, छोटे पार्ट भरपूर, आणि बंदूक .२२ ची. .४५-७० ला चौदाशे डॉलर देणारा .२२ ला तेवढे देईल का? ३३६ आणि १८९५ यांचं पोट बरंचसं एकसारखं, एक फिक्श्चर थोड्या फरकाने दोन्हीकडे चालतं. ३९ए साठी सगळी लाइन वेगळी. मी प्लांट मॅनेजर असतो तर शेवटी घेतली असती.

लेव्हरवाला | २५ नोव्हेंबर, रात्री ११:२०

मी देईन चौदाशे. बायकोला सांगू नका.

आज हंगामाचा पहिला दिवस होता. नारिंगी जाकीट घालून दिवसभर थंडीत बसलो, हरणांनी दर्शन दिलं नाही. शेजारच्या टेकडीवर एका आजोबांकडे जुनी ३३६ होती, रिसीव्हरवरचा काळा रंग हाताने धरायच्या जागी पूर्ण उडून चांदीसारखा पांढरा झालेला. त्यांना विचारलं, रुगरची नवीन बघितली का? म्हणाले, ‘हिला काय झालंय?’

सदू_वाचनमात्र | २६ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

अजून एक बाळबोध प्रश्न. फोटोंत या रायफलींच्या गोळ्यांची टोकं चपटी का दिसतात?

जेएम_संग्राहक | २६ नोव्हेंबर, सकाळी ११:०३

काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात. गोळी टोकदार असेल तर तिचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकतं, आणि धक्क्याने ते आतल्या आतच उडू शकतं. म्हणून चपटी. हॉर्नडी या काडतूस कंपनीने मऊ प्लास्टिकच्या टोकाच्या गोळ्या काढल्या तेव्हापासून टोकदार चालतात, तेही त्यांच्याच. भलत्या टोकदार गोळ्या घालून प्रयोग करू नये.

मंदार_नेमबाज | १ डिसेंबर, सायं ६:४८

धागा वर काढतोय, बातमी तशीच आहे. इलियनचा कारखाना मार्चमध्ये बंद होणार. रेमिंग्टनच्या बंदुकांचा भाग २०२० च्या लिलावात ज्यांनी घेतला ते सगळं जॉर्जियातल्या लाग्रेंजला नेणार आहेत. जवळजवळ दोनशे वर्षांचा कारखाना.

काका_टेक्सासकर | १ डिसेंबर, रात्री ९:३०

वाचलं. वाईट वाटलं. ज्या इलियनने नॉर्थ हेवनचं काम खाल्लं म्हणून आपण बोलतो, तिथल्या लोकांनी कुठे मागितलं होतं ते? त्यांच्यावर ट्रकभर झिजलेली मशीनं आणून टाकली आणि सांगितलं, करा. आता त्यांच्या मशीनांचे ट्रक भरतील.

खरादवाला | २ डिसेंबर, सकाळी ७:०५

लाग्रेंजवाल्यांनी इलियनची निदान दहा-वीस जुनी माणसं दोन वर्षांसाठी तरी बरोबर न्यावीत. पगार दुप्पट द्यावा लागला तरी स्वस्त पडेल. नाहीतर पाच वर्षांनी तुम्ही लोक रेमिंग्टनच्या ८७० शॉटगनसाठी असाच धागा काढाल.

माणगाव_खोरे | २ डिसेंबर, दुपारी १:१५

काका, मग तुमची इलियनची ३३६ आता दुर्मीळ झाली म्हणायची. विकणार का?

काका_टेक्सासकर | २ डिसेंबर, रात्री ८:००

दहा दिवसांपूर्वी ‘रेमलिन’ म्हणून हिणवणाऱ्या तिघांचे व्यनि (खाजगी निरोप) आलेत आजच. विकायची नाहीये. कृपया पुन्हा विचारू नये.